हिची पुडी कुठली?

मामा, एकच विचारायचं राहून गेलं. खंडेनवमीला ते पाणी तुम्ही मुद्दाम घातलंत का?

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. मखमलाबादच्या तुमच्या ओट्यावर अजून माणसं येऊन बसतात. "दगूअण्णा म्हंजे देवमाणूस," म्हणतात, चहा पितात आणि जातात. मी मान हलवते. डोक्यात मात्र माझ्या ड्रम मशीनची चार मेलेली बटणं असतात. गेलेल्या माणसावर संशय घेऊ नये, हे मलाही कळतं. पण संशय घ्यायला मला शिकवलं कोणी? तुम्हीच ना?

बी.एस्सी.चं मार्कशीट आणि पेढे घेऊन मी तुमच्याकडे आले, तो दिवस आठवतो. पेढा तोंडात टाकायच्या आधी तुम्ही मार्कशीट उन्हाकडे धरलंत. "शिक्का खरा हाय ना गं?" मला इतका राग आला! आपल्या दोन्ही घरांत कॉलेज पुरं करणारी मी पहिली, आणि माझा सख्खा मामा शिक्का तपासतोय. मग तेच मार्कशीट तुम्ही "जरा ठेव माझ्याकडं" म्हणून ठेवून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी फुलबाजारात एकेका आडत्याला दाखवून आलात. परत दिलंत तेव्हा त्याला झेंडूचा वास येत होता. अजून येतो, असं मला वाटतं. पण वास असा किती वर्षं टिकतो, याचीही मला शंका आहे.

पुढे अंबडच्या कंपनीत मी क्वालिटीत लागले. दिवसभर सुटे भाग मापायचे आणि खोट निघाली की बाजूला टाकायचे. तुम्हाला समजावून सांगितलं तर म्हणालात, "म्हंजे माझंच काम की. फक्त मला कोणी पगार देत नाय."

खरं होतं. वांगी घेतली तरी घरी येऊन पुन्हा तोलणारा माणूस. पोस्टमनलासुद्धा "कुठून आलास?" विचारणारा.

अशा माणसाला घेऊन मी ड्रम मशीन घ्यायला निघाले, हीच माझी पहिली चूक.

कारण तुम्हाला माहीत होतं, पण मी पुन्हा सांगते, कारण त्या वेळी तुम्ही ते नीट ऐकून घेतलं नव्हतं. आईची आणि तिच्या मैत्रिणींची हळदीची गाणी मी सातपूरच्या आमच्या स्वयंपाकघरात माझ्या आवाजात रेकॉर्ड करत होते. फ्रीज बंद करायचा, खिडकीला दोन गोधड्या टांगायच्या आणि माईक डब्यावर ठेवायचा. तुम्ही रविवारी बाजार उरकून ढोलकी घेऊन यायचात. पण चार पावलांच्या खोलीत तुमची थाप पडली की माझ्या स्वस्तातल्या माईकचं कंबरडं मोडायचं. आवाज फाटायचा आणि माझा गळा त्याच्याखाली गाडला जायचा. वायरीने सरळ रेकॉर्डिंगमध्ये जाईल, आवाज हवा तेवढा कमी करता येईल, आणि माझ्या पगारात बसेल, असं काहीतरी मला हवं होतं. मी म्हणाले, "मामा, तुमचा आवाज फाटतो." तुम्ही म्हणालात, "माझा फाटत नाय. तुझं ऐकणारं यंत्र फाटकं हाय."

आणि तरी तुम्ही बरोबर आलात. का आलात, हे मला अजून कळलेलं नाही. मदतीला आलात की नजर ठेवायला?

मेन रोडवरच्या त्या दुकानात दुकानदाराने आपल्याकडची तालाची पेटी काढली. तबला, ढोलक, ढोलकी, सगळं तयार. बटण दाबलं की ठेका सुरू. तुम्ही पेटीला कान लावून ऐकत बसलात. बराच वेळ झाल्यावर मान वर केलीत.

"वाजवणारा कोण हाय हा?"

"कोणी नाही काका, मशीन आहे," दुकानदार हसून म्हणाला.

"अहो, पण पहिल्यांदा कोणीतरी वाजवलं असंल ना? हे बोट माणसाचं हाय. डाव्या हाताला जरा ओढून मारतोय. नाव काय त्याचं?"

"आता ते कसं सांगणार?"

"पेटीवर तुमच्या कंपनीचं नाव लिवलंय. त्याचं कुठं लिवलंय? त्याला काय मिळालं?"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मला लाज वाटली मामा, खरं सांगते. चारचौघांत शिकलेल्यासारखं वागावं, एवढीच माझी अपेक्षा होती. मी म्हणाले, "चला, पुढच्या आठवड्यात बघू." पायऱ्या उतरताना तुम्ही म्हणालात, "चांगला वाजवतो बिचारा."

मग मी फोनवर फुकटचं ॲप उतरवलं. ते आधी परवानग्या मागायला लागलं. फोटो बघू का, नंबर बघू का. तुम्ही माझ्या खांद्यावरून वाचत होतात. "ढोलकी वाजवायला ह्याला आपल्या सोयऱ्यांचे नंबर कशाला पाहिजेत?" मी ते काढून टाकलं. तुमच्यासमोर म्हणाले नाही, पण तिथे तुम्ही बरोबर होतात.

शेवटी देवळाली कॅम्पातलं एक घर सापडलं. एका हवालदारसाहेबांची बदली झाली होती आणि ते जड सामान विकून टाकत होते. अंगणात काळ्या ट्रंका, त्यांच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. एका ट्रंकेवर ती मशीन. सोळा रबरी बटणं, वर जाळीत छोटा स्पीकर, मागे वायर लावायची जागा. आपल्याला हवा तो ठेका बटणं दाबून आपण त्यात बसवू शकतो. मला ती बघताक्षणी आवडली. म्हणूनच मी तोंड वाकडं करून उभी राहिले. तेही तुम्हीच शिकवलेलं.

तुम्ही मशीन उलटी केलीत. तिचा वास घेतलात, जळकट येतो का म्हणून. सोळाच्या सोळा बटणं अंगठ्याने दाबून पाहिलीत.

"साहब, इतनी अच्छी है तो बेचते क्यूँ?"

"चाचा, पोस्टिंग आ गई. उधर बरफ में कौन बजाएगा?"

"बिल है?"

"है ना. फौजी पर भी शक?"

"फौजी पर नहीं," तुम्ही म्हणालात, "बेचनेवाले पर."

हवालदारसाहेब इतके हसले की बिलाबरोबर त्यांनी अडॅप्टर दिला, मूळचा खोकाही दिला आणि आपल्याला चहा पाजला. चहा पिता पिता तुम्ही मशीन पुन्हा मांडीवर घेतलीत आणि मला हळूच विचारलंत, "बाय, हिची पुडी कुठली?"

मी हेल्मेट घालत होते. म्हणाले, "पुडी-बिडी नसते मामा हिला, चामडंच नाही तर पुडी कसली? आवाज इथून येतो, या जाळीतून. ही नुसती बटणं."

"म्हंजे बाकी हे सगळं खोडच."

"हां, तसंच समजा," मी म्हणाले आणि गाडीला किक मारली.

घरी आल्यावर माझ्या मनात एकच होतं: तुमचा ठेका त्यात बसवायचा. तुम्ही बटणांवर बोटं आपटायची, मशीन ते लक्षात ठेवणार, आणि मग तुम्ही बाजारात असलात तरी मी इकडे गाणार. तुम्ही दोन-तीन बोटं मारलीत, हात मागे घेतलात. "बोट घसरतंय."

"सवय होईल."

"नाय. तो दुकानातल्या पेटीतला बिननावाचा माणूस, तो मला व्हायचं नाय."

मी खूप समजावलं. तुमचं नाव लिहीन म्हणाले, गाण्याच्या खाली मोठ्या अक्षरात लिहीन म्हणाले. तुम्ही ढोलकी खोळीत घातलीत आणि खोळीची नाडी दोनदा गाठ मारून बांधलीत. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. या माणसाला ही मशीन नको आहे, ही शंका तिथून सुरू झाली.

मग मी स्वतःच एक साधा ठेका बसवला आणि गाऊन पाहिलं. पहिलं कडवं ठीक. दुसऱ्यात मशीन मागे पडायला लागली. तिसऱ्यात तर मी एकीकडे आणि ती एकीकडे. हवालदाराने फसवलं, असं मला वाटलं. मी फोनवरचं घड्याळ लावून मशीन मोजली, कंपनीत मोजते तशी. मशीन तंतोतंत. तरी माझा विश्वास बसेना, म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकलंत.

"मशीन जागच्या जागी हाय. तू पळतीस."

"मी? इतकी वर्षं तुमच्याबरोबर गातेय, कधी चुकले नाही."

"इतकी वर्षं मी पळत होतो ना तुझ्या मागं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू गाणं सोडलं असतं. तुला चूक काढलेली कुठं चालती, क्वालिटीवाली."

त्या दिवशी मी हसले नाही. फसवणूक झाल्यासारखं वाटलं. बारा वर्षांची असल्यापासून मी सगळ्यांना सांगत आले होते की माझी लय पक्की आहे. आता रोज गाते तेव्हा कळतं की दुसऱ्या कडव्यात मला दम कमी पडतो, म्हणून मी घाई करते, आणि तेवढ्या जागेत तुमची थाप माझ्यासाठी किंचित पुढे सरकायची. इतकी किंचित, की मलाही कळायचं नाही. मशीन तसं करत नाही. ती माझी चूक माझ्याच हातात ठेवते. आभार मानायचे ते तुमचे की तिचे, हे ठरवता येत नाही.

मग खंडेनवमी आली. तुम्ही फोन केलात. "मशीन घेऊन ये पुजेला."

"मामा, ती इलेक्ट्रॉनिक आहे."

"वाद्य हाय का नाय?"

"आहे."

"मग पाटावर बसंल."

सकाळी कामावर जाता जाता मी ती तुमच्या ओट्यावर ठेवली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुमच्या धंद्याची केवढी धांदल असते! पहाटेपासून झेंडू तोडून, क्रेट भरून, बाजारात टाकून तुम्ही नुकतेच आला होतात. हाताला हिरवे-पिवळे डाग तसेच. म्हणून तर मला पुढे आणखी संशय आला. एवढ्या गडबडीत ह्यांना माझी मशीन आठवलीच कशी?

संध्याकाळी घेऊन गेले. बटणांवर गंधाचे टिळे, अक्षता, पाकळ्या. मला गंमत वाटली. घरी येऊन लावली, तर खालच्या ओळीतली चार बटणं मुकी. दुरुस्तीवाल्याने खोलून आत टॉर्च मारला. "मॅडम, यात तांदूळ आहेत." खालच्या पट्टीवर हळदीच्या पाण्याचा ओघळ वाळलेला. पट्टी खराब झालेली, आणि या मॉडेलची नवी मिळत नाही.

मी क्वालिटीतली. मला कारण सापडल्याशिवाय झोप लागत नाही, आणि कारण माझ्यासमोर होतं. ढोलकीची पूजा तुम्ही कशी करता, हे मी लहानपणापासून बघत आले. हळद-कुंकू, गंध, जे काही लावायचं ते लाकडी खोडाला. चामड्याच्या पुडीला पाण्याचा थेंब नाही. एकदा मामीच्या हातून ओलं फूल पुडीवर पडलं, तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं होतंत. "पुडी वलली का मेली!" असा माणूस चुकून माझ्या मशीनच्या बटणांवर पाणी ओघळू देईल?

मी तशीच मखमलाबादला आले. मशीन तुमच्यापुढे ठेवली.

"यातनं तांदूळ निघाले."

"अक्षता वाहिल्या ना."

"आणि पाणी?"

"गंध कालवायला पाणी लागतं, बाय."

"ढोलकीच्या पुडीवर लावता का कधी?"

"अगं, पुडी तर—"

एवढंच म्हणालात. पुढचं मी बोलू दिलं नाही. "पुडी तर नसतेच हिला," असं म्हणून माझंच वाक्य माझ्यावर उलटवणार, असं मला वाटलं. मी म्हणाले, "तुम्हाला अडाणी म्हणावं, तर तेवढे अडाणी तुम्ही नाही. मशीन आली म्हणून तुमच्या पोटात दुखलं, असं सरळ सांगा."

मामी आतून म्हणाली, "चहा टाकलाय गं." मी तोवर हेल्मेट घातलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या नजरेत संशय नव्हता, आणि तुमच्या डोळ्यांत संशय नाही असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "बरं, बाय," म्हणालात.

भाऊबीजेला तुम्ही आमच्याकडे येणार, म्हणून मी ओव्हरटाइम घेतला. आईने सांगितलं, निघताना विचारत होते, "बटणं झाली का नीट तिची?" मी म्हणाले, "बघा, मनात खातंय त्यांच्या." आई माझ्यावर चिडली. मी तुम्हाला फोनही केला नाही. मला वाटलं, तुम्ही कबूल कराल तेव्हा बोलू. पुढचे सगळे रविवार मी त्या एका कबुलीसाठी घालवले. मग रविवारच संपले.

दहाव्याचं उरकून गंगेवरून आलो आणि मामीने तिचा फोन माझ्या हातात दिला. फ्रेमसाठी तुमचा एखादा बरा फोटो शोधून दे म्हणाली. मामा, तुमचा एक फोटो धड नाही! सगळ्यांत तुम्ही फोटो काढणाऱ्याकडे चोर पकडल्यासारखे बघताय. एकाच फोटोत बघत नाही आहात, खंडेनवमीच्या. पाटावर वाकून काहीतरी करताय, चेहरा शांत आहे. मी तोच घ्यायचं ठरवलं आणि चेहरा मोठा करायला गेले, तर बोट सरकून पाट मोठा झाला.

ढोलकी आडवी ठेवलेली. टिळा खोडावर. दोन्ही पुड्यांवर घडी घातलेले दोन कोरडे रुमाल, पाणी उडू नये म्हणून. शेजारी माझी मशीन. टिळे बटणांवर. आणि वरच्या जाळीवर, बरोबर स्पीकरच्या मापाची घडी घातलेला, तिसरा रुमाल.

तुम्ही वाकून तोच नीट करत होतात.

मी मामीला विचारलं. ती म्हणाली, "तो रुमाल तर माझ्याकडनं मागून घेतला. नवाच पाहिजे म्हणे. पोरीच्या पेटीची पुडी झाकायची हाय, लय नाजूक हाय."

मी फोन तिच्या हातात दिला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत होते.

आमच्याकडे खोट निघाली की एक कागद भरावा लागतो. त्यात पहिला प्रश्न असतो: काम करणाऱ्याला नीट सांगितलं होतं का? मी हा प्रश्न रोज दुसऱ्यांना विचारते. कामगार खाली मान घालून उभा असतो, तेव्हा मीच त्याच्या सुपरवायझरला दरडावते की आधी याचं उत्तर द्या. तुमच्या बाबतीत मी तो कागद भरलाच नाही. सरळ शेवटच्या रकान्यात तुमचं नाव लिहून मोकळी झाले.

"अगं, पुडी तर—" तुम्ही झाकली होती. एवढंच सांगायचं होतं तुम्हाला.

संशय अजून जात नाही, मामा. फक्त तुमच्यावरचा उठून माझ्यावर आलाय. ती गाडीला मारलेली किक, ते "तसंच समजा", ते मी घाईत म्हणाले, की तुम्हाला काय कळणार असं मनाशी धरून म्हणाले? त्यातलं दुसरंच खरं असावं, असं वाटतं. शिकलेल्या माणसाला दोन मिनिटं थांबून सांगायला काय होतं? तुम्ही मला मांडीवर घेऊन सम दाखवलीत, तेव्हा माझ्या बोटांवर बोटं ठेवून दाखवली होतीत.

मशीन अजून वाजते. खालची ओळ सोडून वरच्या बारा बटणांत मी ठेका नव्याने बसवलाय. गेल्या रविवारी तुमच्या आवडीचं हळदीचं गाणं लावलं. दुसऱ्या कडव्यात पळाले, आणि मागे कोणी आलं नाही. थांबले. पुन्हा सुरुवातीपासून घेतलं.

येत्या खंडेनवमीला ती पाटावर बसेल, तुमच्या ढोलकीशेजारी. मामीला विचारून ठेवलंय. मी मशीन उलटी करून नीट पाहिली आहे. तळाला, चार स्क्रूंच्या मधे, सपाट जागा आहे. तिथून आत काही जात नाही. गंध तिथे लावायचं, तेही कोरड्या बोटाने, थोडंसं. ते खोड. वरची बटणं आणि जाळी, दोन्ही पुडी. दोन्ही झाकायची.

हेल्मेट काढून सांगतेय, मामा. उशीर झाला.